मदत हवी आहे: नववीच्या पोरांना स्वतःच्या अनुभवावर लिहायला कसं शिकवू? साचा दिला की पोरगं गायब होतं

वर्गात_बावन्न:

नमस्कार मंडळी, मी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलला मराठी शिकवते. नववी, पट ५२. पुढच्या वर्षी यांना दहावीला कुमारभारतीच्या पेपरात लेखनकौशल्याला ८ मार्क आहेत, प्रसंगलेखन, आत्मकथन नाहीतर वैचारिक यातलं एक लिहायचं, म्हणून आत्तापासून प्रसंगलेखनाचा सराव घेतेय. मार्कांचं जाऊ दे खरं तर, मला पोरांनी स्वतःचं काहीतरी लिहावं असं वाटतं आणि तिथंच गाडी अडलीय.

मागच्या आठवड्यात 'पावसाने उडवलेली धांदल' असा विषय दिला. ५२ वह्या आल्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त वह्यांत पहिलंच वाक्य 'आकाशात काळेकुट्ट ढग दाटून आले होते'. गाईडमधलं. पुढं विजांचा कडकडाट, मन हेलावून गेलं, निसर्गापुढे माणूस किती छोटा वगैरे वगैरे.

आता यातलाच एक पोरगा, त्याच्या घरी बेदाण्याचं शेड आहे. मधल्या सुट्टीत मला सांगत होता की बाई, मार्चमध्ये रात्री दोनला पाऊस आला, आम्ही सगळी उठून शेडवर पळालो, बापू आन चुलता शेडवर प्लॅस्टिकचा कागद ओढत हुते, मला बॅटरी धरायला लावली, माझा हात थंडीनं लटलट कापत हुता तर बापू खालनं वरडतंय, "बॅटरी धरतोयस का नाचवतोयस!" मी हसून हसून बेजार. आणि वहीत? 'निसर्गाचे ते रौद्र रूप पाहून माझे मन सुन्न झाले.' अरे बाबा, ती बॅटरी कुठं गेली?

मी म्हटलं जसं सांगितलंस तसंच लिही. तर त्यानं दोन पानं लिहिली, एकही पूर्णविराम नाही, सुरुवात संध्याकाळी काय जेवलो इथून, मध्ये म्हैस आली, मामाची नवी गाडी आली, पाऊस दीड पानानंतर, आणि शेवट 'मग झोपलो'. म्हणून मग सगळ्या वर्गाला फळ्यावर पाच टप्पे लिहून दिले, सुरुवात, प्रसंग, अडचण, मार्ग, शिकवण. झालं, पुढच्या खेपेला ५२ च्या ५२ पोरांना शिकवण मिळाली आणि सगळ्यांना एकच. कष्टाला पर्याय नाही.

तर प्रश्न असा की मांडणी शिकवायची पण पोराचा आवाज मारायचा नाही हे कसं जमवायचं? आणि दुसरं, 'लई', 'हुतं', 'न्हाई' हे मी लाल पेनानं कापायचं का ठेवायचं? कापताना हात अडखळतो माझा. वर्गात प्रत्यक्ष काय करता तेवढं सांगा प्लीज, 'वाचन वाढवा' सोडून :)

कराडचा_निवृत्त:

बाई, तुमची चूक एवढीच की टप्पे लिहायच्या आधी दिले. आधी पोराला भरभरून ओकू द्या कागदावर, म्हैस येऊ दे, मामा येऊ दे. मग त्याच्या शेजारी बसायचं आणि विचारायचं, यातला असा कुठला क्षण आहे जो तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला सांगताच येणार नाही? तुमच्या पोराचा क्षण बॅटरीचा आहे, सुरुवात तिथूनच करायची. शेड कुणाचं, कागद कशाला, पाऊस लागला तर बेदाणा काळा पडतो आणि सौद्याला भाव पडतो, हे नंतर दोन-तीन वाक्यांत मागं जाऊन सांगता येतं. म्हैस त्या रात्री काही करत नसेल तर तिला सोडून द्यायची. मी पोरांना म्हणायचो, पेन्सिलनं प्रत्येक वाक्यापुढं लिही, हे काढलं तर काय बिघडेल? काही बिघडत नसेल तर काढ. मांडणी अशी नंतर सापडते, आधी दिली की तो फॉर्म भरल्यासारखा होतो.

आणि शिकवण बंद करा हो. पूर्ण बंद.

पेपर_गठ्ठा:

काका, बोलायला ठीक आहे पण ८० मार्कांचा पेपर, तीन तास, त्यात हे शेवटी येतं, पोरांच्या हातात वीस मिनिटं राहतात. तिथं कुठं क्षण शोधणार?

तरी माझं सांगतो, मी पेपर तपासलेत. एकापाठोपाठ एक काळेकुट्ट ढग वाचून डोळे मिटायला लागतात आणि मध्येच एखादं पोरगं घरातली खरी गोष्ट लिहितं तेव्हा माणूस सरळ होऊन बसतो. बोलीचं म्हणाल तर आमच्याकडं सोपा तोडगा आहे, माणूस बोलतो तिथं अवतरण चिन्हात बोली जशीच्या तशी, निवेदन प्रमाण मराठीत. म्हणजे बापूचं "नाचवतोयस" ठेवायचंच ठेवायचं. 'हुतं' निवेदनात आलं तर मी स्वतः मार्क कापत नाही, पण कापणारे आहेत, त्यामुळे पोरांना हे उघड सांगा. त्यांची भाषा चुकीची म्हणून नव्हे, परीक्षेपुरतं.

मिरजेची_मावशी:

मी शिक्षिका नाही पण एक राहवत नाही म्हणून लिहिते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराच्या वेळी माझी भाची लहान होती, कृष्णेचं पाणी घरात शिरलेलं. नंतर कधीतरी तिनं निबंधात ते सगळं लिहिलं, आजीला पाठीवर घेऊन काढलं वगैरे, आणि सरांनी कौतुकानं वर्गात मोठ्यांदा वाचलं. पोरगी घरी येऊन रडली. खरं लिही म्हणता ना, मग वाचायच्या आधी पोराला विचारत जा. वहीच्या कोपऱ्यात 'वाचू नका' लिहायची सोय ठेवली तरी पुरे.

वर्गात_बावन्न:

मावशी, हे डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू. सोमवारी सांगते वर्गाला.

काका, तुमचं करून बघितलं. पोराची आता सुरुवात आहे: "बॅटरी धरतोयस का नाचवतोयस!" बापू खालून ओरडले. म्हैस गेली (नाराज आहे तो, मामाची गाडी मात्र ठेवायचीच म्हणतोय कारण कागदावर उजेड पाडायला तिचे हेडलाईट लावले होते, हे आधी सांगितलंच नव्हतं लेकानं!). शेवट अजून 'मग झोपलो'च होता. मी सहज विचारलं, लगेच झोप लागली का रे? तर म्हणाला, "न्हाई ओ बाई, बापू रातभर काठीनं कागदावरचं पाणी ढकलत हुतं, त्याचा आवाज येत हुता." म्हटलं हेच लिही, बाकी काही नको.

पण हे एका पोराला अख्खा ऑफ तास लागला. उरलेली ५१?

कराडचा_निवृत्त:

जोड्या लावा. शेजारच्यानं वही वाचायची आणि तीनच प्रश्न विचारायचे: तुझ्या हातात काय होतं, कोण काय बोललं, नंतर झोप लागली का. तिसरा तुमचाच आहे, आता मीही वापरीन. प्रश्न विचारणाऱ्यानं वहीत एक अक्षर दुरुस्त करायचं नाही, नाहीतर हुशार पोरं लगेच ढग घालतात.