'नाही'चे दोन अर्थ

काही जण म्हणतात की कायद्याचं कलम म्हणजे जर-तर, प्रोलॉगमध्ये (तर्काचे नियम लिहायच्या प्रोग्रॅमिंग भाषेत) उतरवलं की काम संपलं. चोरीचं कलम (भारतीय न्याय संहिता, ३०३) उतरवून बघा. जंगम वस्तू, दुसऱ्याचा कब्जा, संमती नसणे, अप्रामाणिक हेतू, वस्तू हलवणे: पाच अटी, एक नियम. इथवर सोपं.

आता आरोपी सहा वर्षांचा निघाला तर? कलम ३०३ मध्ये वयाचा उल्लेखच नाही. सात वर्षांखालच्या मुलाचा अपवाद कलम २० मध्ये आहे, आणि गुन्ह्याची प्रत्येक व्याख्या सर्वसाधारण अपवादांच्या अधीन वाचायची, हे कलम ३ सांगतं. अभिजात तर्कशास्त्रात नवं विधान घातल्याने जुना निष्कर्ष मागे जात नाही. उलट 'गुन्हा आहे' आणि 'गुन्हा नाही' दोन्ही सिद्ध होतात, आणि विसंगतीतून मग काहीही सिद्ध करता येतं. म्हणून नियमातच 'अपवाद सिद्ध झालेला नाही' अशी अट लागते. प्रोलॉगचं '\+' हे चिन्ह ('सिद्ध करता आलं नाही, म्हणजे नाही') नेमकं हेच करतं, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ शी ते छान जुळतं: अपवाद शाबित करण्याची जबाबदारी आरोपीवर, तोवर तो नाही असं गृहीत.

खरी चूक पुढे होते. तेच '\+' लोक संमतीलाही लावतात. मग नोंदीत संमतीबद्दल काहीच नसलं तरी 'संमती नव्हती' हे आपोआप सिद्ध! ते तर सरकार पक्षाने शाबित करायचं असतं. तिथे 'संमती_नव्हती' हे वेगळं, पुराव्यानेच भरायचं विधान ठेवा.

हेतू 'अप्रामाणिक' होता का, हे मात्र प्रोग्रॅमवर न सोडता माणसाकडूनच भरून घ्या.