गूढ प्रेमकथेत भुताचा उलगडा हवा का?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे): अतींद्रिय गूढ आणि प्रेम यांची सांगड घालणाऱ्या कादंबऱ्या मी आवडीने वाचते, पण वाड्यात रात्री ऐकू येणारी पावले इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेल्या काकांची होती असे शेवटी कळले, की माझा हिरमोड होतो. आपणांस काय वाटते?

पहिले उत्तर: उलगडा मानवी असला तरी चालेल, भय मात्र खरे हवे. डॅफ्ने द्यू मोरिए यांच्या १९३८ सालच्या ‘रिबेका’ या इंग्रजी कादंबरीत भूत एकदाही येत नाही, तरीही कोटाच्या खिशात मृत पत्नीच्या आद्याक्षरांचा रुमाल नव्या पत्नीच्या हाती लागतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

दुसरे उत्तर: माझा आक्षेप प्रेमाच्या बाजूला आहे. ज्याच्यावर संशय आहे, त्याच्यावरच नायिकेचा जीव जडावा, यातच या कादंबऱ्यांचा सारा ताण असतो. नायक पहिल्याच प्रकरणात निर्दोष ठरला, तर भुताने कितीही दारे वाजवली तरी व्यर्थ.

प्रश्नकर्ती: रुमालाचे उदाहरण पटले. काकांच्या पावलांना तेवढे वजन नव्हते, म्हणूनच मला फसवल्यासारखे वाटले असावे.