लिब्रेएनएमएसचं पोलिंग ५ मिनिटांत संपेना, थ्रेड वाढवूनबी तेच

निपाणी_फायबर:
नमस्कार मंडळी, आमचं निपाणी-चिक्कोडीकडं फायबर आणि खानापूरकडं थोडं वायरलेस हाय. नेटवर्कवर नजर ठेवायला लिब्रेएनएमएस सॉफ्टवेअर लावलंय. पाऊस लागल्यापासनं त्याचं पोलिंग, म्हणजे सगळ्या डिव्हाइसांकडनं आकडे गोळा करायची फेरी, ३०० सेकंदांत संपेना, ग्राफला मधीमधी भोकं पडालेत. थ्रेड (एकावेळी चालणारी कामं) १६ चे ३२ केले तर उलट सर्व्हरच जड झाला. पोलिंग १० मिनिटांवर न्यावं काय? का नवीन सर्व्हर घ्यावा, मालक विचारालेत.

टिळकवाडी_लिनक्स:
सर्व्हरला पैसे घालू नका ओ एवढ्यात. एक डिव्हाइस एकाच थ्रेडवर चालतंय, एखादं ओएलटीच (गिऱ्हाइकांच्या फायबर लाइनी जिथं जुळतात ते आपल्याकडचं यंत्र) २८० सेकंद खात असेल तर थ्रेड ६४ केले तरी ते २८०च खाणार. पोलरच्या पानावर कुणाला किती वेळ लागतोय ते आधी बघा. १० मिनिटांचं डोक्यातनं काढा, ग्राफचे आकडे साठवणाऱ्या आरआरडी फायली ३०० सेकंदांच्या स्टेपनं बनल्यात, सगळ्या कन्व्हर्ट करत बसाय लागतंय.

निपाणी_फायबर:
बघितलं. वर दोन ओएलटी, त्याखाली सगळी खानापूरची स्विचं. पण तिकडं लाईट गेली की ती बंदच की, मग वेळ कसला खातात?

टिळकवाडी_लिनक्स:
बंद पडलेलं वेळ खात नाही, पिंगला उत्तर नाही म्हटल्यावर लिब्रे ते सोडून पुढं जातंय. त्रास अर्धमेल्या लिंकचा, पिंगला हो म्हणतंय आणि एसएनएमपीची (डिव्हाइसकडनं आकडे मागायची पद्धत) पॅकेटं वाटेत गळतात. डिफॉल्ट टाइमआउट १ सेकंद आणि रिट्राय ५, म्हणजे उत्तर आलंच नाही तर एका रिक्वेस्टमागं ६ सेकंद गेले, आणि अशा रिक्वेस्टी ढीगभर. तेवढ्या स्विचांना रिट्राय २ करा. भोकं थोडी राहतील तिथं, पण बाकीच्यांची सुटतील.

कॅम्प_वायरलेस:
ओएलटीवर पोलिंगची काय काय मॉड्यूल (कुठले आकडे घ्यायचे त्याचे भाग) चालू हायत? बीजीपी, ओएसपीएफ (राउटिंगचे आकडे) असलं नको ते बंद करून टाका, आणि ओएनयू (गिऱ्हाइकाच्या घरचे फायबर डबे) पोर्ट म्हणून दिसत असतील आणि त्यातले बरेच डाऊन असतील तर सिलेक्टेड पोर्ट पोलिंग, म्हणजे चालू पोर्टचेच आकडे मागणं, लावून बघा. एसएनएमपी व्ही१ वर असलं तर व्ही२सी करा, व्ही१ ला गेटबल्क (एकदम बऱ्याच ओळी मागणं) नाही, एकेक ओळ मागत बसतंय. मॅक्स रिपीटर्स (एका वेळी किती ओळी मागायच्या) फायबरवर वाढवा, खानापूरला नको, मोठं यूडीपी उत्तर फुटतंय आणि एक तुकडा हरवला की सगळंच गेलं. सर्व्हर जड झाला म्हणालात, टॉप कमांडमध्ये डब्ल्यूए (डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ, टक्क्यांत) किती दिसालंय? आरआरडीकॅशडी (आरआरडीचं लिखाण साठवून एकदम डिस्कवर टाकणारा प्रोग्रॅम) नसेल तर डिस्कच मरत असणार.

निपाणी_फायबर:
डब्ल्यूए ४० च्या वर, साधी हार्ड डिस्क हाय, आरआरडीकॅशडी नाही. एका ओएलटीवर मॉड्यूल बंद केले, ते ११० सेकंदांवर आलं. दुसरं व्ही१ वर निघालं, ते कुणी केलंय काय म्हाइत. आज रात्री आरआरडीकॅशडी घालतो, आत्ता मालकाला सर्व्हर नको म्हणून कळवलं.

कॅम्प_वायरलेस:
एसएसडी तेवढी मागून घ्या की, मालक खर्चाचा विचार करालाय तोवर.