रविवार-शनिवार सकाळच्या कार्टूनच्या व्हीएचएस कॅसेट डिजिटल करायच्या आहेत, सल्ला हवा

शेवगा
घरात दोन प्रकारच्या कॅसेट आहेत. इथल्या ई-१८० (तीन तासांच्या) कॅसेटवर ९० च्या दशकात दूरदर्शनवरून रविवारी सकाळी रेकॉर्ड केलेलं मोगली, डकटेल्स, टेलस्पिन आहे, जाहिरातींसकट. बाकीच्या टी-१२० (दोन तासांच्या), न्यू जर्सीच्या मावशीने पाठवलेल्या. त्यांत अमेरिकेतली अख्खी शनिवार सकाळ सलग धरलेली आहे. व्हीसीआर चालू होतो, आवाज येतो, पण चित्रावर नुसत्या मुंग्या. दोन कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरं दिसतंय. दुकानात द्याव्यात की घरी कराव्यात? ऑनलाइन मिळणारं स्वस्त यूएसबी कॅप्चर कार्ड (व्हीसीआरचं चित्र संगणकात घेणारं) चालेल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रानभाजी
एवढी खटपट कशाला? यातलं बहुतेक सगळं आता चांगल्या प्रिंटमध्ये बघायला मिळतं की.

टेपकाका
चित्र मिळतं हो. दूरदर्शनवर जे लागलं ते तसंच मिळेल याचा भरवसा नाही. मोगलीची मूळ मालिका जपानी, ५२ भागांची. १९९३ मध्ये इथे आली ती हिंदी आवाजांत, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज, शीर्षकगीत गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं. वर मधल्या जाहिराती आणि 'रुकावट के लिए खेद है'ची पाटी. जपायचं आहे ते हे.

खटपट्या
शेवगा, पांढरं दिसतंय ती बुरशी. त्या दोन कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी त्या वेगळ्या करून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको, ओव्हन तर नकोच.

मग साफसफाई, शक्यतो गॅलरीत, तोंडाला मास्क लावून. कॅसेट पालथी करून खालचे पाच स्क्रू काढा, दोन्ही भाग घट्ट धरून सुलटी करा आणि वरचं झाकण उचला. फीत कुठल्या खुंटीवरून कशी गेली आहे त्याचा आधी फोटो काढा, कारण आतल्या बारीक स्प्रिंगा आणि रोलर झाकणाबरोबर उडतात. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओलावलेली, धागे न सुटणारी चिंधी दोन बोटांत धरून फीत तिच्यातून हळू सरकवत दुसऱ्या रिळावर घ्या. चिंधी दर थोड्या वेळाने बदला. मेडिकलमधलं ७० टक्केवालं वापरू नका, त्यात पाणी असतं. शेवटी दोन्ही रिळं रिकाम्या, स्वच्छ कॅसेटच्या खोक्यात बसवा. जुन्या खोक्याच्या कानाकोपऱ्यात बुरशी उरतेच.

फीत तुटली असेल तर स्टेशनरीतला सेलोटेप लावायचा नाही, त्याचा गोंद पाझरून हेडवर जातो. स्प्लायसिंग टेपच हवी, तीही आतल्या बाजूने. बाहेरची बाजू हेडला घासते.

आता मुंग्या. आवाज नीट आणि चित्र गायब, म्हणजे फिरत्या ड्रमवरचे व्हिडिओ हेड मळलेत. आवाजाचा हेड वेगळा असतो, म्हणून तो वाचला. व्हीसीआरची पिन काढा, वरचं झाकण उघडा. शॅमॉय लेदरचा तुकडा (नसेल तर साधा कोरा कागद) अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला टेकवून स्थिर धरा आणि ड्रम दुसऱ्या हाताने वरच्या कडेला धरून आडवा फिरवा. कापड वर-खाली घासलंत की हेडचं टोक तुटलंच समजा, मग व्हीसीआर भंगारात. इअरबडही नको, कापसाचा तंतू अडकतो. रबरी पिंच रोलर पुसा, पूर्ण वाळू द्या. पहिली चाचणी एखाद्या फालतू कॅसेटवर.

टेपकाका
यात भर: प्रत्येक कॅसेटच्या पाठीवरची रेकॉर्डची खिट्टी मोडलेली आहे ना ते आधी बघा. नसेल तर मोडा, चुकून बटण दाबलं गेलं तर मोगलीच्या जागी काळोख. आणि चालवण्याआधी एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड, मग रिवाइंड. वर्षानुवर्षं पडून फीत चिकटलेली आणि कमी-जास्त ताणाने गुंडाळलेली असते.

जोडणी पिवळ्या-पांढऱ्या आरसीए केबलने करा. अँटेनावाली वायर वापरली तर चित्र विनाकारण आणखी बिघडतं. खरी गोम पुढे आहे. व्हीएचएसच्या प्रत्येक ओळीची वेळ किंचित मागे-पुढे होते, म्हणून उभ्या रेषा वाकड्या दिसतात. कार्टूनमध्ये काळी बाह्यरेषा ठळक असते, तिथे हे सगळ्यांत आधी डोळ्यात भरतं. स्वस्त कार्डाला हे सावरता येत नाही, फ्रेम गळतात आणि तीन तासांच्या कॅसेटअखेर आवाज आणि ओठ यांचा मेळ राहत नाही. उपाय: व्हीसीआर आणि कार्ड यांच्या मध्ये पॅनासोनिकचा डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर घाला. त्यावर रेकॉर्ड करायचं नाही, सिग्नल नुसता त्यातून जाऊ द्यायचा; ओळी सरळ होतात. त्यातली नॉईज रिडक्शन मात्र बंद ठेवा.

कॅप्चर व्हर्चुअलडब या प्रोग्रॅममध्ये, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, हफ-वाययूव्ही कोडेक (दर्जा न गमावता साठवणारा), आवाज ४८ किलोहर्ट्झ. तासाला ३० जीबीच्या आसपास जागा धरा. डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. एफएटी३२ वर ४ जीबीला फाइल अडते. कॅप्चर चालू असताना ड्रॉप्ड (गळलेल्या) आणि इन्सर्टेड (भरीच्या) फ्रेमचे आकडे बघत राहा. वाढत असतील तर आधी यूएसबी हब काढून कार्ड थेट लावा, मग अँटीव्हायरस आणि पॉवर सेव्हिंग बंद करा.

शेवगा
धन्यवाद दोघांनाही. डीइंटरलेस (एकाआड एक ओळींत विभागलेली अर्धी चित्रं एक करणं) कॅप्चर करतानाच करू का?

टेपकाका
नाही! कच्ची फाइल आहे तशी इंटरलेस्ड ठेवा. मग कार्टून हलत असेल अशा जागी एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. कंगव्यासारख्या रेषा कुठेच नसतील तर डीइंटरलेस करूच नका, उगाच तपशील जातो. रेषा असतील किंवा दोन चित्रं एकमेकांत मिसळलेली दिसली, तर क्यूटीजीएमसी या डीइंटरलेस फिल्टरने सेकंदाला ५० फ्रेम करा. मिसळलेली चित्रं वेगळी होत नाहीत, ती परदेशी मास्टर पॅलमध्ये (आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत) बदलतानाच मिसळलेली असतात. त्यामागे लागू नका. शेवटी फाइल लहान करायला एक्स२६४ एन्कोडर, सीआरएफ (दर्जाचा आकडा) १८, आस्पेक्ट ४:३. चित्राच्या तळाशी थरथरणाऱ्या काही ओळी दिसतील. तो दोष नव्हे, व्हीएचएसचा हेड बदलण्याचा ठसा. काळ्या पट्टीने झाका. एआय अपस्केल मला तरी नको वाटतं, हाताने काढलेल्या रेषेचं पार प्लॅस्टिक होतं.

हडसनकाठ
अमेरिकेतल्या टी-१२० बद्दल. त्या एनटीएससी (अमेरिकेतली टीव्ही पद्धत) आहेत. आपला पॅल व्हीसीआर त्या 'दाखवतो' असं म्हणत असला तरी बाहेर येतो तो बहुधा पॅल-६० (दोन्ही पद्धतींची सरमिसळ), आणि बऱ्याच कार्डांना तो कळत नाही, चित्र कृष्णधवल होतं. दुसरं म्हणजे अख्खी सकाळ एका कॅसेटवर आहे, म्हणजे नक्की ईपी वेग: दोन तासांच्या फितीवर सहा तास. एसपीत (नेहमीच्या वेगात) ट्रॅक ५८ मायक्रॉन रुंद असतो, ईपीत जेमतेम १९. जरा इकडे-तिकडे झालं की पडद्यावर पट्टे. शक्य असेल तर ज्या व्हीसीआरवर रेकॉर्ड झालं त्यावरच कॅप्चर करा, म्हणजे मावशींकडेच. तो नसेल तर तिकडून जुना घ्या (नवे मिळायचे नाहीत, फुनाईने २०१६ च्या जुलैत उत्पादन बंद केलं). इथे आणलात तर ११० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा.

कॅप्चर ७२० बाय ४८०, २९.९७. या कार्टूनांत बहुधा पाच फ्रेमचा फेरा दिसेल: तीन स्वच्छ, दोन कंगवेवाल्या. ते २४ फ्रेमच्या फिल्मचं टेलिसिने (फिल्म व्हिडिओत बदलणं) आहे. टीएफएम आणि टीडेसिमेट हे फिल्टर लावून २३.९७६ वर आणा, क्यूटीजीएमसी नको. काही जाहिराती व्हिडिओवर चित्रित झालेल्या असतात, त्यांचा तुकडा वेगळा करून त्यालाच डीइंटरलेस लावा.

आणि कार्टून ठेवून मधलं कापू नका. एबीसी वाहिनीच्या 'आफ्टर दीज मेसेजेस'च्या चिमुकल्या क्लिपा, १९७३ पासूनचं स्कूलहाउस रॉक (शिकवणारी कार्टून गाणी), खेळण्यांच्या जाहिराती, हे सगळं मिळून शनिवार सकाळ होती. एनबीसी वाहिनीने १९९२ मध्येच कार्टून सोडली आणि सीडब्ल्यू वाहिनीचा शनिवार-कार्टूनचा शेवटचा गट २७ सप्टेंबर २०१४ ला बंद झाला.

रानभाजी
पटलं. पण ज्यांना हे सगळं झेपणार नाही त्यांनी दुकानाला काय विचारावं?

खटपट्या
तीनच गोष्टी. मध्ये टीबीसी (ओळींची वेळ सुधारणारं यंत्र) किंवा तसा डीव्हीडी रेकॉर्डर लावता का? कच्ची इंटरलेस्ड फाइल देता का, की नुसती एमपी४? बुरशीच्या कॅसेटसाठी वेगळा व्हीसीआर आहे का? आधी एकच कॅसेट द्या आणि तिच्या पहिल्या व शेवटच्या पाच मिनिटांत आवाजाचा मेळ तपासा. तिसऱ्या प्रश्नाला 'चालतं हो' असं उत्तर आलं तर चांगल्या कॅसेटही तिथे देऊ नका.

शेवगा
काम झाल्यावर कॅसेट टाकून द्यायच्या का?

टेपकाका
टाकू नका. पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारख्या उभ्या, भरलेलं रीळ खाली ठेवून, कोरड्या कपाटात. स्पीकरपासून लांब. फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, एक मावशींकडे.