यूट्यूबला पर्याय शोधायचा की तिथेच राहायचं?

कॅमेरावाली:
स्वतःच्या जिवावर व्हिडिओ करणाऱ्यांनी सगळं काम एकट्या यूट्यूबवर ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ९० दिवसांत ३ कॉपीराइट स्ट्राइक (दुसऱ्याचं गाणं, व्हिडिओ परवानगीशिवाय वापरल्याबद्दलचे ठपके) आले की चॅनल बंद होऊ शकतं, मग व्हिडिओ, सबस्क्रायबर, कमेंट्स सगळंच गेलं. पीअरट्यूब बघा ना, स्वतःच्या सर्व्हरवर व्हिडिओ साइट चालवायचं मोफत सॉफ्टवेअर आहे. फ्रामासॉफ्ट ही फ्रान्समधली ना-नफा संस्था, तिने २०१८ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती काढली, सर्व्हर आपला, नियम आपले आणि दुसऱ्या सर्व्हरवरचे लोकही आपल्याला फॉलो करू शकतात.

रानवारा:
नाही पटलं. व्हिडिओ ठेवायला जागा कुठेही मिळेल हो, बघणारे कुठून आणणार? यूट्यूबवर सर्च आहे, सजेशन्स आहेत, लांबीने मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींचा ५५ टक्के हिस्सा मिळतो. पीअरट्यूबवर असा जाहिरातींचा हिस्सा नाही आणि वर सर्व्हरचं भाडं आपल्याच खिशातून.

कॅमेरावाली:
तो हिस्सा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास वॉच टाइम लागतो (नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). तोवर तुमच्या व्हिडिओवर जाहिराती दाखवल्या तरी तुमच्या हातात शून्य, मग नव्या माणसाला कमाईचं कारण सांगून थांबवायचं कशाला? आणि भाड्याचं म्हणाल तर पीअरट्यूबवर एकाच वेळी बघणारे लोक व्हिडिओचे तुकडे एकमेकांना पुरवतात, सर्व्हरवरचा भार तेवढा कमी होतो.

रानवारा:
एकाच वेळी बघणारे असले तर! जुना व्हिडिओ कधीतरी एखादाच माणूस बघतो, तेव्हा सगळा भार सर्व्हरवरच येतो. शिवाय छोट्या साइट टिकत नाहीत हे विसरू नका, ब्लिप २०१५ मध्ये बंद पडली, व्हिडमी २०१७ मध्ये, आणि तिथे मेहनतीने जमवलेले प्रेक्षक तिथेच पांगले.

एडिटिंगटेबल:
तुम्ही दोघं एकच जागा निवडायच्या मागे का लागलाय कळत नाही. माझी कामं मी व्हिमिओ या व्हिडिओ साइटवर ठेवतो कारण क्लायंटला लिंक पाठवली की मध्ये जाहिरात येत नाही, पासवर्डही लावता येतो, त्याचे पैसे भरावे लागतात ते भरतो. नवीन प्रेक्षक मात्र तिथून फारसे येत नाहीत, त्यासाठी यूट्यूब आहेच.

कॅमेरावाली:
चालेल, यूट्यूब सोडा असं मी म्हणतच नाहीये. पण ओरिजिनल फाइल्स आणि सबटायटल्स आपल्या हार्ड डिस्कवर हव्यात, आणि ज्यांना मनापासून बघायचंय त्यांचे ईमेल आपल्याकडे हवेत. रानवारा, ब्लिपचं उदाहरण तुम्हीच दिलंत, ज्यांच्याकडे ही यादी होती त्यांना निदान नवा पत्ता तरी कळवता आला असेल ना?

रानवारा:
यादीचं मान्य. सर्व्हर मात्र मी घेणार नाही, तो वेळ मी पुढच्या व्हिडिओला देईन.