दिवाळीत मालवण: डाइव्ह भाऊबीजेनंतर लगेच नको

(मराठी मंडळी, सोसायटी ग्रुप, कारेलीबाग, वडोदरा)

मंदार, ए-३०४: दिवाळीत मालवणला स्कूबा. भाऊबीज आटोपून रात्रीच निघू, तृतीयेला दुपारी पाण्यात. नावं द्या पटापट!

सुलभाताई, सी-१०१: माझं नाव घाल, पण तारीख बदल. अमावास्येनंतर दोन-तीन दिवस उधाण असतं. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, म्हणून मधल्या सहा तासांत पळतंही जोरात. नवमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, तेव्हा ओढही कमी. माझं माहेर मालवणजवळच्या देवबागचं, होडी काढण्याआधी बाबा तिथी बघायचे.

मंदार: ताई, नवमीला मी ऑफिसात 😭

विश्वासकाका, बी-२०२: कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला जाताना भरतीची वेळ विचारतोस ना? पिंड पाण्याखाली गेली की बस वाट बघत. मग इथेच कसली घाई?

मंदार: काका, तिथे बुडायचं नसतं 😄

सुलभाताई: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोन. मालवणला मुंबईच्या आधीच भरती येते, म्हणजे दहाच्या सुमारास पाणी भर वेगात चढत असणार. हा नुसता अंदाज, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघायची. आणि 'दुपारी पाण्यात' हे तर विसरच. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो, समुद्र ताटासारखा सपाट. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की बोट डुलायला लागते आणि निम्मी मंडळी काठावर वाकून ओकतात. खाली काही दिसायला हवं तर तेही बघ: पावसाळ्यानंतर कर्ली नदीचं गढूळ पाणी बराच काळ रेंगाळतं, हिवाळ्यात निवळतं.

रेवा, ए-१०३: नोव्हेंबरात वादळं येतात ना? पावसाळा तर संपलेला असतो.

विश्वासकाका: पावसाळा संपल्यावरच येतात! फयान ११ नोव्हेंबर २००९ ला कोकणात आलं. २०१९ ला तर ऐन दिवाळीत क्यार होतं. किनाऱ्यावर आलं नाही, पण समुद्र खवळला तो खवळलाच. आकाश निळं दिसलं म्हणून फसू नका, लाटा लांबूनही येतात. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती संस्थेचा लाटांचा अंदाज, दोन्ही आदल्या रात्री बघायचे.

मंदार: बरं. मग डाइव्ह शेवटच्या दिवशी सकाळी, संध्याकाळी गोव्याच्या मोपा विमानतळाहून विमान. एक रजा वाचते.

रेवा: नाही रे! एका डाइव्हनंतर किमान १२ तास विमान नाही, जास्त केल्या तर १८. रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर गेल्यावर बुडबुडे करतो.

देशपांडेकाकू, बी-४०१: आमच्या साहिलचं नाक दिवाळीच्या फटाक्यांनी हमखास चोंदतं. गोळी देऊन चालेल का?

रेवा: काकू, सर्दी असेल तर नकोच. कानातला दाब सारखा होत नाही, पडद्याला इजा होऊ शकते. गोळीचा असर पाण्याखालीच उतरला तर वर येतानाही कानात हवा अडकते. आणि दमा असेल तर आधी डॉक्टर.

मंदार: ठीक, नवमी-दशमी धरतो. बॉसला सांगतो तुळशीचं लग्न आहे 😅

विश्वासकाका: ते द्वादशीला असतं.

मंदार: बॉस गुजराती आहे, त्याला पण माहीत असणार 🤦 बघतो काहीतरी. रेल्वेची तिकिटं आज काढतो. ताई, तुमच्या देवबागच्या भावाला विचारून ठेवा, वारा सुटला म्हणून डाइव्ह रद्द झाली तर पैसे परत देतात का. तोवर आगाऊ कोणी काही भरू नका.