राहिलेले रोजे तुम्ही कसे पूर्ण करता? अनुभव लिहा

रमजान संपला की घरातल्या पुरुषांचा हिशेब बहुधा तिथेच मिटतो, बायकांचा मात्र पुढे चालू राहतो. पाळीच्या दिवसांतल्या नमाजा माफ असतात, पण रोजे नंतर भरून द्यावेच लागतात. आजारपण, प्रवास आणि बाळंतपणात सुटलेले रोजे त्यात आणखी मिळवायचे. पुढच्या रमजानपूर्वी कजा, म्हणजे राहिलेल्या रोज्यांची भरपाई, उरकावी, हे लहानपणापासून आपल्या कानांवर असते. नोकरी, मुले आणि स्वयंपाक सांभाळून ती उरकायची कशी, याविषयी मात्र आपण बहिणी-बहिणीही मोकळेपणाने बोलत नाही. फतव्यांसाठी उलेमा आहेत, इथे अनुभव हवे आहेत. सुरुवात मीच करते.

पुणे
मी हिवाळ्याची वाट पाहते. मे महिन्यात इथे सहेरी (पहाटेचे खाणे) संपल्यापासून मगरिबपर्यंत (सूर्यास्तापर्यंत) सुमारे साडेचौदा तास होतात, डिसेंबरात सव्वाबारा. सोमवार-गुरुवारचा रोजा सुन्नत (पैगंबरांचा पायंडा) मानला जात असल्याने मी कजाही बहुधा गुरुवारी ठेवते. कार्यालयात पहिल्या वर्षी ‘रमजान तर झाला, आता कसला रोजा?’ असे सर्वांसमोर विचारले गेले आणि काय सांगावे ते मला सुचेना. शेजारच्या टेबलावरच्या ताईंना मात्र न सांगता उलगडले. त्यांचा मार्गशीर्षातला गुरुवार होता. ‘अडचण आली की आम्हीही पूजा दुसऱ्या कोणाकडून करून घेतो,’ एवढेच त्या हळूच म्हणाल्या. तेव्हापासून डिसेंबरातल्या गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघीच जागेवर असतो आणि बाकीच्यांचे फोन घेत बसतो.

चिपळूण
माझ्या मते कठीण भुकेपेक्षा एकटेपणा असतो. रमजानमध्ये सगळे घर उठते, सहेरीची वेळ संपत आल्याचे मशिदीतून पुकारतात. कजेच्या दिवशी मात्र मोबाइल उशीखाली थरथरता ठेवून, मूल जागे होणार नाही अशा बेताने उठायचे, रात्री फडक्यात बांधून ठेवलेली तांदळाची भाकरी चहाबरोबर खायची आणि भिंतीवरच्या नमाजच्या वेळापत्रकावर टॉर्च मारून फजरची (पहाटेच्या नमाजाची) वेळ पाहायची. रात्रीच ठरवून ठेवावे लागते, कारण कजेची नियत (संकल्प) पहाटेपूर्वी व्हावी लागते. सकाळी उठून ‘भूक नाही, ठेवूनच टाकू’ असे चालत नाही. संध्याकाळी सगळ्यांना चहा-खारी आपणच द्यायची आणि मगरिबची अजान झाली की तव्यावरची भाकरी उलटता उलटता खजूर तोंडात टाकायचा.

दुसरे सांगायचे ते रमजानमधलेच. पाळी आलेल्या बायका सासरे-दिरांसमोर रोजा असल्याचे भासवतात आणि स्वयंपाकघराच्या दाराआड दोन घास खातात. शरियतने दिलेली सूट अशी चोरून का घ्यावी? मी आता उघडपणे पाणी पिते. कोणी काही विचारत नाही. सर्वांना माहीत असतेच.

सोलापूर (माहेर रत्नागिरी)
माहेर शाफई, सासर हनफी, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या दोन वेगळ्या परंपरा. दोन्ही मुले पाठोपाठची असल्याने गर्भारपण आणि अंगावर पाजणे यांत लागोपाठच्या रमजानांचे बरेच रोजे राहिले. सासूबाई म्हणाल्या, ‘फक्त कजा कर.’ अम्मीचे म्हणणे, बाळाच्या काळजीने राहिलेल्या रोज्यांसाठी कजेबरोबर फिदयाही (रोज्यामागे गरिबांना द्यायचे दान) द्यायचा: प्रत्येक रोजामागे एक मुद, म्हणजे साधारण सहाशे ते साडेसातशे ग्रॅम धान्य. दोघीही आपापल्या मसलकप्रमाणे बरोबर होत्या. मी तांदूळ देऊन मोकळी झाले. दिलेले दान वाया जात नाही, यावर तरी दोन्ही घरांचे एकमत आहे. रोजे मात्र सलग झेपले नाहीत. सुट्टे सुट्टे ठेवले तरी चालतात, हे धर्मशास्त्र शिकलेल्या आलिमाबाजींनी सांगितल्यावरच ते मार्गी लागले.

लंडन
मूळची महाडची. इथे जूनमधला रमजान अठरा तासांहून लांब गेला होता, पण डिसेंबरात सूर्य चारच्या आधीच मावळतो. दुपारपाळी असेल तर इफ्तार कामावरच होतो. माहेरी सांगितले की बहिणी म्हणतात, ‘हा काय रोजा झाला?’ झाला. उन्हाळ्यातलाही आम्हीच ठेवला होता.

भिवंडी
पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा आपले राहिलेले रोजे शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, पूर्ण करीत, ही हदीस ऐकल्यापासून उशिराची बोच कमी झाली. मीही शाबानवरच विसंबत असे. ईदनंतर शव्वालचे सहा नफिल (ऐच्छिक) रोजे मैत्रिणी हौसेने ठेवत, पण अंगावर कर्ज असताना दान कसले, असे मला वाटे. आता इन्सुलिन सुरू असल्याने डॉक्टरांनी रोजे कायमचे बंद केले आहेत आणि उरलेल्या रोज्यांचा फिदया देते आहे. तो गल्लीतल्या गरजू विधवेला द्यावा की मदरशातल्या गरीब मुलांसाठी, यावर आमच्या घरात वाद आहे. ज्यांनी दिला असेल त्यांनी कुठे दिला आणि धान्य दिले की रोख, ते कृपया लिहावे.